शिकाऊ उमेदवार : कारखान्याचा दुसरा बेणेमळा



'उमेदवार' हा शब्द कानी पडला की सहकारात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम निवडणूक उभी राहते. पॅनेल, चिन्ह, मतमोजणी. पण आपल्या मराठीत या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. ज्याला शिकण्याची उमेद आहे आणि त्यासाठी जो जाणत्या माणसाच्या हाताखाली राहतो, तो उमेदवार. 'त्याने अमक्या वकिलाकडे दोन वर्षे उमेदवारी केली' असे आपली वडीलधारी माणसे म्हणत. गावचा सुतार, लोहार, गवंडी याच वाटेने तयार झाला. आज आम्ही लिहिणार आहोत ते या दुसऱ्या उमेदवाराविषयी. त्याला मते लागत नाहीत. त्याला हातात पाना देणारा आणि तो कसा धरायचा हे दाखविणारा माणूस लागतो.

ऊस विकास खात्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे, फिटर-वेल्डरच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सभासदांच्या ऊसबिलातच आहे.

ऊसबिल आणि कारागिराचा हात

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे आपण जिला एफआरपी म्हणतो ती, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरविली. उतारा त्याहून दर ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात, घटला की तेवढेच कमी होतात. साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तर मात्र आणखी कपात नाही, ३२९ रुपये ५ पैसे कायम. याचा अर्थ काय? एक दशांश टक्का उतारा म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला ३,४६० रुपये.

उतारा वावरात तयार होतो हे तर खरेच. जात, खत, पाण्याची पाळी, तोडणीचे वय यांवर तो ठरतो आणि त्याबद्दल आम्ही वर्षभर सभासदांच्या मागे लागलेलो असतो. पण वावरात तयार झालेली साखर पोत्यात पडेपर्यंत वाटेत सांडत असते. मिलचे रोलर नीट बसले नसतील तर ती बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळून जाते. रस नीट निवळला नाही तर प्रेसमडमध्ये जाते. पॅनवर दाणा नीट बांधला नाही तर मळीत जाते. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दाणा पाहतो, अंगठा नि बोट यांत पाकाची तार ओढून पाहतो, ते पुस्तक वाचून येत नाही. ते उस्तादाच्या शेजारी हंगामभर उभे राहूनच येते.

मिल बंद पडण्याचेही तसेच. दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना तासाला सुमारे १०४ टन ऊस गाळतो. एका बैलगाडीत दोन टन धरले तर तासभर बंद म्हणजे बावन्न गाड्या यार्डात उभ्या. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, आतली साखर मोडू लागते. वजन सभासदाचे जाते, साखर कारखान्याची जाते, म्हणजे फिरून सभासदाचीच. बेअरिंगचा आवाज बदलला हे जाणत्या फिटरच्या कानाला आधी कळते व तो वेळीच सांगतो. नवख्याला ते बेअरिंग फुटल्यावर कळते.

जाणती माणसे कुठून येणार?

वऱ्हाड हा मुळात कापसाचा मुलूख. इथला पोट्टा जिनिंगचा भोंगा ऐकत वाढला, साखरेच्या कारखान्याचा नव्हे. प्रवरेचा कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. त्या भागात बापामागून लेक अशा पिढ्या मिल, पॅन आणि सेंट्रीफ्यूगलवर तयार झाल्या. आपल्याकडे साखर उशिरा आली, आणि जाणती माणसे पुष्कळदा बाहेरून आणावी लागली. ती आली, त्यांनी कारखाने चालविले, त्यांचे उपकारच आहेत. पण बाहेरून आलेला माणूस निवृत्त झाला की आपल्या गावी जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे शहाणपणही जाते.

विदर्भातील सहकारी साखर कारखान्यांची वाट किती खडतर होती हे सभासदांना सांगावयास नको. बुलडाणा जिल्ह्यात दुसरबीडचा जिजामाता कारखाना बंद पडला, आणि बंद पडणारा तो एकटाच नव्हे. उसाची टंचाई, पाण्याची ओढ आणि कर्जाचा बोजा ही सर्वांना ठाऊक असलेली कारणे. पण कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्र गंजते ते सर्वांना दिसते, कारागीर पांगतात ते कोणाला दिसत नाही. यंत्र पैशाने पुन्हा आणता येते. पंचवीस वर्षे पॅनवर उभा राहिलेला माणूस बाजारात मिळत नाही.

दुसरीकडे सभासदांच्या घरची स्थिती पाहा. गटसभेत बेण्याविषयी बोलून झाले की हटकून कोणीतरी वडीलधारे कास्तकार उठतात. एका सभेत एक काका म्हणाले, "सायेब, पोट्टं आय.टी.आय. होऊन दोन सालं झाले. चाकणले जा म्हन्तो तं त्याची माय रडते, घरी ठेवतो तं पानठेल्यावर बसते. कारखाना आपलाच हाय नं? मंग त्याच्या हाती पाना काऊन नाई देत?"

प्रश्न रास्त आहे. एका बाजूस कारखान्याला हात पाहिजेत, दुसऱ्या बाजूस सभासदाच्या घरी हात रिकामे आहेत. या दोहोंच्या मध्ये जो पूल आहे त्याचे नाव शिकाऊ उमेदवारी.

कायदा काय म्हणतो?

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. आरंभी तो कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेले अभियंते त्यात आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने बरेच नवे व्यवसाय खुले झाले. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत तिने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि या मोजणीत कंत्राटी माणसेही धरावी लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या लहान आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. चारशे माणसांच्या कारखान्याला म्हणजे किमान दहा उमेदवार घ्यावेच लागतात, आणि साठपर्यंत घेता येतात. कमी घेतले तर दंडाची तरतूद आहे.

उमेदवाराशी लेखी करार होतो व त्याची नोंदणी होते. त्याला दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांनी ते किमान असे ठरविले : दहावी उत्तीर्णास ६,००० रुपये, आय.टी.आय. प्रमाणपत्रधारकास ७,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० रुपये, पदवीधरास ९,००० रुपये. दर वेळोवेळी सुधारतात, म्हणून करार करतेवेळी चालू दर पाहून घ्यावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्याखाली केंद्र सरकार विहित विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण महिना १,५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलते. २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो.

आता हिशेब मांडू. आय.टी.आय. झालेले दहा उमेदवार, दरमहा ७,००० प्रमाणे ७०,००० रुपये. त्यात सरकारचा वाटा १५,००० वजा जाता कारखान्यास महिना ५५,००० रुपये, वर्षाला ६ लाख ६० हजार. २,५०० टनी कारखाना १२० दिवस चालला तर तीन लाख टन गाळप होते. म्हणजे दहा पोरे वर्षभर शिकविण्याचा खर्च टनामागे २ रुपये २० पैसे. आणि एक दशांश टक्का उताऱ्याची किंमत टनामागे ३४ रुपये ६० पैसे हे वर आलेच आहे. दहा पोरे आली की उतारा लगेच वाढेल असे आम्ही म्हणत नाही. पण चार-पाच वर्षांत जाणते हात तयार झाले नाहीत तर तो घटेल, हे मात्र म्हणतो.

शिकाऊ म्हणजे बिगारी नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्वस्तात मिळालेला मजूर म्हणून उमेदवाराकडे पाहणे हा त्या पोरावर अन्याय आहे, आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. त्याच्या प्रशिक्षणाशी ज्याचा संबंध नाही असे काम त्याला देता येत नाही. परवानगीशिवाय जादा तास काम घेता येत नाही. तुकड्यावर मजुरी देता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कारखान्याची असते. तेव्हा साहेबांचा चहा आणणे आणि कार्यालय झाडणे यात वर्ष गेले, तर ती उमेदवारी झाली नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. शिकाऊ उमेदवार हा कायम कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेतलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. घेण्याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवावे असे म्हणतो. पालक सभासदांनी हे आधीच समजून घ्यावे, म्हणजे पुढे मनस्ताप नको. मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराच्या हाती राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र असते, आणि ते देशभर चालते.

बॉयलरच्या बाबतीत तर प्रमाणपत्राशिवाय गत्यंतरच नाही. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक परिचर लागतो. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा बॉयलर अधिनियम आला, तरी ही सुरक्षिततेची काळजी तीच आहे.

आपल्याच भागातली उदाहरणे

हे सारे पुण्या-मुंबईकडचे, असे कोणी समजू नये. राज्य परिवहनाच्या अमरावती व अकोला विभागात शिकाऊ उमेदवार घेण्याची रीत जुनी आहे. एस.टी.ची गाडी रस्त्यात बंद पडली तर ती पुन्हा चालू करणारा मेकॅनिक पुष्कळदा याच वाटेने आलेला असतो. महावितरणमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री याच पद्धतीने शिकतात. बाळापूर तालुक्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथेही आय.टी.आय. झालेली मुले शिकाऊ म्हणून घेतली जातात. पारसचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे आहे. तिथे कोळसा जळतो, आपल्याकडे बगॅस, पण बॉयलर, टर्बाइन, पंप, मोटार, व्हॉल्व्ह यांची विद्या एकाच घराण्यातली.

शिक्षणाचीही इथे वाण नाही. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ चे, अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. अमरावती नि अकोला दोन्हीकडे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती कास्तकाराचा पोरगा शिकावा म्हणून. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ पासून उभे आहे. शाळा आहेत, पोरे आहेत. कमी आहे ती शाळेतून निघालेल्या पोराला कामाच्या जागी नेऊन उभे करण्याची.

हे लौकर झाले नाही तर पोरे थांबणार नाहीत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. ते पूर्ण उभे राहील तेव्हा तिथेही फिटर, इलेक्ट्रीशियन, बॉयलर परिचर लागतील. वऱ्हाडात काम निघते ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण साखरेचे कसब शिकलेला पोरगा साखरेत टिकवायचा तर त्याला आधी ते शिकवावे तरी लागेल.

कसे शिकवावे?

बेण्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो. मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, असे तीन पायऱ्यांनी बेणे तयार होते व मग सभासदाच्या वावरात जाते. नऊ ते अकरा महिन्यांचे रसरशीत बेणे घ्यावे, तोडणीला आलेल्या जून उसाच्या कांड्या लावू नयेत, हे आता बहुतेक सभासद पाळतात. माणसांच्या बाबतीत मात्र आपण जो मिळेल तो लावतो आणि उगवण चांगली पाहिजे म्हणतो. माणसांसाठीही असा मळा पाहिजे. त्यासाठी आमच्या अल्प मतीप्रमाणे चार गोष्टी कराव्या लागतील.

पहिली, वेळ. उमेदवार अशा बेताने घ्यावा की त्याच्या वर्षात एक ऑफ सीझन आणि एक गाळप दोन्ही यावे. ऑफ सीझनमध्ये मिल खोलली जाते, रोलर निघतात, बेअरिंगा बदलतात. यंत्राचे पोट उघडे असते, तेव्हा शिकून घ्यावे. गाळप म्हणजे त्या शिकण्याची परीक्षा.

दुसरी, उस्ताद. प्रत्येक उमेदवार एका ठरलेल्या जाणत्या कामगाराच्या हाती द्यावा. 'सगळ्यांनी शिकवा' म्हटले की कोणीच शिकवीत नाही. जो शिकवितो त्याचा मान झाला पाहिजे. वार्षिक सभेत उत्तम ऊस उत्पादकाचा सत्कार होतो, तसा उत्तम उस्तादाचा व्हावा. पुष्कळ जाणत्यांना मनात भीती असते की शिकविले तर आपली किंमत कमी होईल. सत्काराने ती भीती थोडी तरी जाईल.

तिसरी, वही. रोज काय पाहिले, काय केले, काय चुकले हे उमेदवाराने वहीत लिहावे आणि आठवड्याला उस्तादाने त्यावर सही करावी. निवृत्तीस आलेल्या पॅनमनचे शहाणपण कागदावर उतरण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही.

चौथी, वरचे शिक्षण. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही आपल्या कारखानदारांचीच संस्था १९७५ पासून आहे. साखर तंत्रज्ञान व साखर अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम तिथे चालतात. उमेदवारांत जो चमकेल त्याला पुढे तिथे पाठविण्याची वाट खुली ठेवावी.

आणि मुलींना विसरू नये. प्रयोगशाळा, उपकरणे, वीज विभाग, संगणक यांत सभासदांच्या लेकी कुठेच कमी पडणार नाहीत. कायदा मुलगा-मुलगी पाहात नाही, आपणही पाहू नये.

वावरातली उमेदवारी

आता थोडे आमच्या खात्याविषयी. कसब फक्त कारखान्याच्या भिंतीआड लागते असे नाही. ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. राज्याने २०२३ साली आणलेल्या योजनेत त्यासाठी चाळीस टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते, अनुदान ठेवले. यंत्र अनुदानातून येईल, पण चालविणारा अनुदानातून येत नाही. हात कच्चा असेल तर खोडवा उपटून निघतो नि पाला-माती उसाबरोबर मिलमध्ये जाते.

ठिबकचेही तसेच. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर बुजतात. फिल्टर केव्हा धुवावा, आम्लप्रक्रिया केव्हा व किती करावी, नळीतला दाब कसा पाहावा हे जाणणारा एक पोरगा गावात असला तर पन्नास एकरांचे ठिबक वाचते. एक डोळा पद्धतीची रोपवाटिका, बेणेप्रक्रिया, मातीचा नमुना घेणे, फवारणीचे ड्रोन, ही सारी शिकण्याचीच कामे. २०१४ नंतर वैकल्पिक व्यवसायांतही उमेदवार घेता येत असल्याने ऊस विकास खात्यालाही ही वाट मोकळी आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले कार्यानुभवासाठी गावात येतात, त्यांनाही गटात बोलावून घ्यावे.

ज्या सभासदांचे भाऊबंद अकोल्याला दालमिल चालवितात किंवा ज्यांचे जिनिंग आहे, त्यांनाही आमचे सांगणे आहे. तीसपेक्षा कमी माणसे असली तरी तुम्हाला उमेदवार घेता येतो. मोटार जळाली की अमरावतीहून माणूस येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा घरचा एक पोरगा तयार केलेला बरा.

जर्मनीत ही पद्धत फार रुळलेली आहे. तिथला शिकाऊ आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. त्यासाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि परीक्षा व्यापारी-उद्योजकांची मंडळे घेतात. तिथल्या मालकांना शिकविणे हा धर्मादाय वाटत नाही, तो त्यांच्या धंद्याचा भाग वाटतो. आपल्या कारखान्याचा मालक तर सभासद स्वतःच आहे.

सभासदांनी काय करावे?

आपला पोरगा आय.टी.आय. किंवा पदविका झाला असेल तर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करून घ्या. आधार, बँक खाते, गुणपत्रक एवढे हाताशी ठेवा. अडचण आली तर तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विचारा. ओळखीची चिठ्ठी आणण्यापेक्षा पोराला व्हर्नियर वाचता येतो का ते पाहा.

आणि वार्षिक सभेत भाव, तोडणी, वाहतूक यांच्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. यंदा कारखान्याने किती शिकाऊ उमेदवार घेतले? ते कोणाच्या हाताखाली आहेत? गेल्या वर्षीच्यांपैकी किती उत्तीर्ण झाले? संचालक मंडळाला हे प्रश्न आवडतील, कारण उत्तर चांगले देण्याजोगी ही गोष्ट आहे. न विचारलेल्या गोष्टी अहवालात येत नाहीत आणि अहवालात न आलेल्या गोष्टी होत नाहीत, हा सहकारातला सर्वांचा अनुभव आहे.

यंदाच्या बेण्याची मागणी गट कार्यालयात लौकर नोंदवावी, हे नेहमीप्रमाणे सांगतोच. त्याच फेरीत घरी आय.टी.आय., पदविका किंवा कृषी शिक्षण झालेला मुलगा-मुलगी असेल तर त्याचे नाव, व्यवसाय आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष कागदावर लिहून आमच्या गट सहायकाजवळ द्यावे. यादी झाली की ती आम्ही कारखान्याच्या कामगार विभागाकडे पोचती करू.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी